कॅमेऱ्याची चाळिशी

माणसाला चाळिशी साधारणपणे चाळिसाव्या वर्षी लागते. माझ्या कॅमेऱ्याला ती तिसऱ्याच वर्षी लागली. १९८१ साली मी तो घेतला आणि १९८४ साली त्याला पिशवीत घालून जळगावातल्या एका चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो.

"कोणाचा नंबर काढायचाय?" काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"काढायचा नाही, माहीत आहे. अधिक दोन आणि अधिक तीन. एकेकच काच हवी. फ्रेम नको."

"एकेकच?" गृहस्थांच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती पसरली. दुसऱ्या डोळ्याचं काय झालं, हे विचारणं त्यांना बरं वाटेना. थोडं थांबून म्हणाले, "पेशंटला आणलं असतं तर बरं झालं असतं."

मी पेशंटला पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं. याशिकामॅट १२४ जी. याला डोळे दोन, पण आपल्यासारखे शेजारी-शेजारी नाहीत. एकाखाली एक. वरच्यानं बघायचं, खालच्यानं फोटो काढायचा. गृहस्थांनी पेशंटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोघांपैकी कोणाला जास्त गरज आहे याचा मनाशी निर्णय करून मुकाट्यानं दोन काचा गोल घासून दिल्या. पैसे मात्र डोळ्यांच्याच भावानं घेतले.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आज उकरून काढण्याचं कारण म्हणजे आमचा नातू. पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. माझ्या पंचाहत्तरीला त्यानं मोठ्या प्रेमानं एक भेट आणली. रंगीत कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. उघडून बघतो तो माझी आई! मी काढलेला, आमच्या बैठकीच्या खोलीत गेली चाळीस वर्षं लटकलेला फोटो त्यानं फोनवर टिपून घेतला होता आणि मोठा करून आणला होता. पण काहीतरी चुकत होतं. ही बाई माझ्या आईसारखी दिसत होती, आई मात्र नव्हती. आईची एखादी श्रीमंत, शहरात दिलेली धाकटी बहीण असती, तर ती अशी दिसली असती.

"आजोबा, चेहऱ्यावरचे डाग काढून टाकलेत," नातू म्हणाला. "एक फिल्टर असतो."

ते डाग नव्हते हो! हनुवटीवरचे ते तीन ठिपके म्हणजे आईचं गोंदण होतं. आणि कपाळावरच्या ज्या सुरकुत्या इस्त्री करून टाकल्या होत्या, त्या धुळे तालुक्यातल्या कोरडवाहू जमिनीवर साठ-पासष्ट उन्हाळे काढून कमावलेल्या होत्या. पोराचा हेतू चांगला. डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं आनंदाचं धरलं. मीही तसंच धरू दिलं. पण तेव्हापासून 'फिल्टर' या शब्दाशी माझं भांडण जुंपलं आहे, आणि ते आज एकदाचं जाहीर भांडून टाकणार आहे.

मुळात फिल्टर म्हणजे गाळणं. चहाचं गाळणं चोथा अडवतं, चहा सोडतं. छायाचित्रणातले खरे फिल्टरही तेच करतात. काळ्यापांढऱ्या फिल्मवर पिवळी काच लावली की ती निळा उजेड थोडा अडवते, आकाश जरा सावळं येतं आणि ढग उठून दिसतात. तांबडी काच लावली तर भर दुपारचं आकाश वळवाच्या तोंडचं दिसतं. इथवर ठीक. पण ज्याला दुकानदारापासून दिग्गजापर्यंत सगळे 'क्लोज-अप फिल्टर' म्हणतात, ते काय गाळतं? काहीही गाळत नाही! उजेडाचा एक कणही अडवत नाही. अडवत नाही म्हणूनच त्यासाठी एक्स्पोजर वाढवावं लागत नाही. ते एक साधं बहिर्गोल भिंग आहे. फिल्टरच्या आट्यांत बसतं, म्हणून त्याला फिल्टर म्हणायचं. या न्यायानं उद्या दुधाच्या पातेल्यावर बसते म्हणून ताटलीलाही दूध म्हणा! कोडॅक कंपनी आपल्या पेटी-कॅमेऱ्यांसाठी हीच काच विकत असे, तेव्हा तिचं नाव पोर्ट्रेट अटॅचमेंट होतं. नावातच कळायचं की ही वस्तू माणसाच्या जवळ जाण्यासाठी आहे.

आणि जवळ जाणं हीच तर आमच्या घराण्याची अडचण होती.

आमचा जुना आल्बम तुम्ही पाहा. लग्नाचे, मुंजीचे, सत्यनारायणाचे फोटो आहेत. प्रत्येकात माझी आई आहे. कुठं आहे? तिसऱ्या रांगेत, डावीकडून सातवी, काकूंच्या अंबाड्यामागं. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. एका फोटोत तर ती फक्त कोपराएवढीच आहे. कोपर तिचंच, हे बांगड्यांवरून ठरवावं लागतं. याचा दोष कोणा माणसाला देता येत नाही. तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात येणारा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. दणकट, स्वस्त, गुणी. पण त्याचा फोकस कायमचा बांधलेला. पाहुण्यानं अंगणात आठ-दहा फुटांवर उभं राहायचं आणि "हला नका" म्हणायचं. त्याच्या आत आलात तर चेहऱ्याचा लोण्याचा गोळा. त्यामुळे आमच्या सबंध पिढीच्या आया दहा फुटांवरून ओळखू येतील तेवढ्याच शिल्लक राहिल्या. जवळून फक्त पुढाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे फोटो निघत, तेही स्टुडिओतून.

(जाता जाता सांगतो. हल्ली तरुण मंडळी 'मीडियम फॉरमॅट' हे शब्द देवघरात उच्चारावेत तसे उच्चारतात. अरे बाबांनो, क्लिक थ्रीची चौकट सहा बाय सहाचीच होती! १९६९ साली चंद्रावर गेलेल्या हॅसलब्लाडचीही तीच. म्हणजे चंद्रावरचा माणूस आणि आमचा पारोळ्याचा मावसभाऊ एकाच मापाच्या चौकटीत उभे राहिले होते. आम्ही मात्र त्याला 'बारा फोटोंचा रोल' म्हणायचो आणि बाराच निघतात म्हणून हळहळायचो.)

याशिकामॅट आला तेव्हा वाटलं, आता प्रश्न मिटला. पण तोही एक मीटरच्या आत बघायला तयार नाही. माणसाचं खांद्यापासून वर येतं, गोंदण काही दिसत नाही. रोलायफ्लेक्सवाल्यांसाठी रोलायनार नावाची काचांची जोडी मिळते. खालच्या डोळ्याला एक, वरच्याला एक, आणि वरचीत प्रिझमची पाचर, म्हणजे दोन्ही डोळ्यांना एकच दिसावं. तांबडा ठिपका वर ठेवून बसवायची. वस्तू उत्तम. पण तिची किंमत ऐकल्यावर जळगावच्या शाळामास्तरानं पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त, हे वाक्य मी वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात कोंबलं होतं. अधिक एकची काच एक मीटरवर, अधिक दोनची अर्ध्या मीटरवर, अधिक तीनची तेहतीस सेंटीमीटरवर. पोरांनी ते परीक्षेत लिहिलं आणि गुण मिळवले. त्याचा काही उपयोग असतो, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. एके रात्री चाळिशी लावून वह्या तपासत असताना एकदम उजेड पडला. अरे, मला जवळचं दिसावं म्हणून जी काच माझ्या नाकावर आहे, तीच कॅमेऱ्याच्या नाकावर का असू नये? इथून आपण त्या चष्म्याच्या दुकानात जातो.

काचा पुठ्ठ्याच्या नळीत बसवल्या, आतून काळा कागद लावला, बाहेरून सायकलच्या ट्यूबची चकती. हे सगळं आमच्या सौ.च्या शिवणाच्या डब्याच्या जिवावर झालं. आता प्रयोग! पहिला मान अर्थातच भरिताच्या वांग्याला दिला. जळगावात राहून दुसऱ्या कोणाला देणार? अधिक तीनची काच वरच्या डोळ्याला लावली, फोकस केला, तीच काच काढून खालच्या डोळ्याला लावली आणि खटका दाबला. जोडी परवडत नसली की एकाच काचेनं दोन्ही घरचा संसार करावा लागतो. मग एक केळफूल, एक कपाशीचं बोंड, शेजारच्या वहिनींची नथ, शेवटी खुद्द सौ. बारा फोटो झाले. न्हाणीघरात रोल धुतला. बाराच्या बारा व्यवस्थित आले होते. फक्त प्रत्येकाचं डोकं उडालं होतं. वांग्याला देठ नाही, नथीला वरची तार नाही, आणि सौ. हनुवटीपासून सुरू होऊन पदरापाशी संपत होती.

"दुसऱ्याच्या डोक्याची तुम्हांला कधी पर्वा होती?" सौ. ओला निगेटिव्ह उजेडाकडे धरून म्हणाली.

चूक माझी नव्हती, देवाच्या योजनेतली होती. खालचा डोळा वरच्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर खाली. दहा फुटांवर त्यानं काही बिघडत नाही. पण अधिक तीनची काच लावली की चौकट मावते जेमतेम वीतभर, आणि वितीतून चार-पाच सेंटीमीटर गेले म्हणजे पाचवा हिस्साच गेला. इलाज सोपा निघाला. फोकस झाला की तिवईची मधली दांडी बरोबर तेवढीच वर उचलायची. दांडीवर मी सौ.च्या नेलपॉलिशनं दोन रेघा मारून ठेवल्या. पुढच्या रोलपासून डोकी परत आली.

दुसरा शोध उथळपणाचा. जवळ गेलं की स्पष्टतेची पट्टी कमालीची पातळ होते. अधिक तीनची काच आणि पूर्ण उघडं भोक असेल, तर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जाडीतच काय ते स्वच्छ, पुढचं-मागचं सगळं धुक्यात. भोक सोळापर्यंत बारीक करत नेलं की तीनेक सेंटीमीटर हाती लागतात. आणि मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यात ही टंचाई छोट्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त. मोठ्या घरात पाहुणे जास्त, तसा प्रकार. म्हणून भोक बारीक, म्हणून उजेड कमी, म्हणून शटर सावकाश, म्हणून तिवई, म्हणून समोरच्यानं श्वास रोखायचा. वांगं उत्तम श्वास रोखतं. आई नाही.

दिवाळीच्या सुटीत धुळ्याला गेलो. सकाळचा मऊ उजेड ओसरीवर आला होता. आईला उंबऱ्यापाशी बसवलं, अधिक दोनची काच काढली. ती अर्ध्या मीटरवर चालते, म्हणजे जुन्या मापानं एक हात आणि वर दोन बोटं. शिवणाची टेप आईच्या नाकाला लावून अंतर मोजलं.

"आरे, मन्हा फोटू कशाले?" आई म्हणाली. "पोरीसना काढ."

मला तिच्या हनुवटीचे ठिपकेही हवे होते आणि हातावरची तुळस आणि विंचूही. पण हात मांडीवर आणि चेहरा वर, म्हणजे दोन्ही एका पट्टीत बसेनात. शेवटी सांगितलं, हात गालाशी धर.

"हात कशाले? मन्हा दात दुखी ऱ्हायनात का?"

तिनं हात धरला आणि हसू दाबलं. अकराचं भोक, पंधरांश सेकंद. काच वरून काढली, खाली बसवली, दांडी रेघेपर्यंत उचलली, खटका दाबला. हा फोटो ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यांनी आईच्या गालावरच्या हाताचं, तिच्या त्या चिंतनमग्न मुद्रेचं कौतुक केलं आहे. मी आजवर कोणाला सांगितलं नाही, पण चिंतन वगैरे काही नव्हतं. स्पष्टतेच्या पट्टीची रुंदी पाच सेंटीमीटर होती आणि दोन्ही त्यात बसवायचं होतं.

फोटो पाहून आई एवढंच म्हणाली, "नाक केवढं मोठं करी टाकं!" हे मात्र खरं. एका हातावरून पाहिलं की नाक जरा पुढं येतंच. पण एका हातावरून मी तिला लहानपणानंतर पाहिलंच कुठं होतं? तीन वर्षांनी आई गेली.

आता माझ्या दुसऱ्या शत्रूकडे वळतो. नातवाला मी माफ केलं, याला करणार नाही. आमच्या ओळखीत एक तज्ज्ञ होते. प्रदर्शनांची बक्षिसं त्यांच्या कपाटात मावत नसत. मुंडासं घातलेला म्हातारा, बिडीचा धूर आणि मागून उजेड, हा त्यांचा हातखंडा. मी भीत भीत आईचा फोटो दाखवला. त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि सरळ कोपऱ्यात लावलं. चेहऱ्यावर नाही, कोपऱ्यात!

"कोपरे फुटलेत," ते म्हणाले. "क्लोज-अप फिल्टर ना? गरिबाचा मॅक्रो. हे प्रकार सोडा. चांगली मॅक्रो लेन्स घ्या, नाहीतर जवळचं काढूच नका."

कोपरे फुटले होते, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. एका काचेचं साधं भिंग कडेला मऊ पडतंच. दोन काचा चिकटवून केलेली महागडी भिंगं असतात, ती बरी पडतात. भोक बारीक केलं की साधीही पुष्कळ सुधारतात. पण अहो, त्या कोपऱ्यात काय होतं? डावीकडे ओसरीचा खांब, उजवीकडे पाण्याची बादली. बादलीवरचा कंपनीचा शिक्का वाचता येत नाही, म्हणून आईचा फोटो काढायचा नव्हता? याशिकामॅटची लेन्स निघत नाही, तिला मॅक्रो लावायची कुठून? आणि 'नाहीतर काढूच नका' हे जे त्यांनी शेवटी जोडलं, ते तर मला आजही झोपेत ऐकू येतं. असल्या सल्ल्यांनी या देशातली किती माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी राहिली असतील! शुद्ध सूर लागत नाही म्हणून अंगाई म्हणू नका, असं कोणी बाळंतिणीला सांगतं का? तज्ज्ञ सांगतील. त्यांचा भरवसा नाही.

हेच तज्ज्ञ मला म्हणायचे, "जळगावात काय ठेवलंय काढण्यासारखं? काश्मीरला जा." आणि हे ते कुठं बसून म्हणत होते? ज्या जिल्ह्यात चाळीसगाव आहे, त्या जिल्ह्यात! चाळीसगावला स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात केकी मूस नावाचा माणूस १९८९ साली वारेपर्यंत राहत होता. इंग्लंडला जाऊन छायाचित्रण शिकून आलेला, आणि परत आल्यावर अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ न पडलेला. त्यांची ख्याती कशाची? टेबलटॉप छायाचित्रणाची. टेबलावर चार वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि सबंध निसर्गदृश्य उभं करायचं. ज्यांना काश्मीर हवं त्यांनी खुशाल जावं. या माणसाचं जग हाताच्या अंतरावर होतं.

आणि माझा करंटेपणा ऐका. जळगावहून धुळ्याला रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. त्या प्लॅटफॉर्मवर मी किती वेळा भजी खात बसलो असेन याचा हिशेब नाही. बंगला चालत जाण्याच्या अंतरावर. एकदाही गेलो नाही. धुळ्याची गाडी चुकेल म्हणून! पुढं त्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हा गेलो. भिंतीवरच्या फोटोंसमोर उभा राहिलो आणि सवयीनं कोपरे बघायला लागलो. स्वतःचीच लाज वाटली.

आता आजचा काळ. फोनला मॅक्रो असतो, तो मुंगीचे पाय मोजून देतो, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. माझ्या पुठ्ठ्याच्या नळीच्या तो शंभर पट पुढं आहे. तक्रार वेगळीच आहे. एवढं जवळ जायचं आणि तिथं जे दिसेल ते पुसायचं, हा काय न्याय झाला? माझ्या गरीब काचेनं नाक मोठं केलं, कोपरे मऊ केले, पण ठिपका पुसला नाही. त्या यंत्राला गोंदण आणि मुरूम यांतला फरक कळत नाही, आणि कळत नसताना विचारायचीही पद्धत नाही.

हे सगळं मी नातवाला ऐकवलं. एका बैठकीत नाही, हप्त्याहप्त्यानं. मुलगा गुणी आहे, चिडला नाही. मूळ निगेटिव्ह मागितला, खिडकीशी धरला, मग माझ्या टेबलाच्या खणातली ती अधिक दोनची काच काढून त्यातून बराच वेळ बघत बसला.

"आजोबा, हनुवटीवर तीनच ठिपके का? आणि हातावर विंचू कशाला?"

मला माहीत नव्हतं. गोंदताना ती किती वर्षांची होती, कोणी गोंदलं, रडली का, काहीच माहीत नव्हतं. टेप लावून अंतर मोजलं होतं, पण हे विचारायचं सुचलं नव्हतं. धुळ्याला फोन लावला. मेहुणे म्हणाले, त्यांच्या थोरल्या आत्याच्या हातावरही विंचू आहे, आत्या नव्वदीच्या आहेत, पण सकाळी दहापर्यंत सगळं आठवतं. दहानंतर भरवसा नाही.

तेव्हा येत्या रविवारी पहाटेच्या एस.टी.नं एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जायचं ठरलं आहे. रोल मागवला आहे. हल्ली एकेका फोटोला शंभराच्या आसपास पडतात, त्यामुळे बारा म्हणजे बाराच. कॅमेऱ्याचं शटर अजून चालतं का हे बघायला एक वाया घालवायचं ठरवलं आणि सौ.ला म्हटलं, "ओट्यावर बैस जरा, गालाशी हात धर."

ती हात पुसत बाहेर आली. तिवईच्या दांडीवरच्या नेलपॉलिशच्या रेघा पार उडून गेल्या होत्या, हे तिच्या आधी लक्षात आलं.

"आधी एवढं सांगा," ती म्हणाली, "डोकं येणार आहे का?"